टोक बघा, टोक!

वस्तऱ्याची धार सगळ्यांना ठाऊक असते. पण वस्तऱ्याला टोकही असतं, ते मुख्यतः चार तऱ्हांचं असतं आणि त्या नखाएवढ्या जागेवर अख्खी दाढी ठरते, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये!

साताऱ्यात मोती चौकापासून जरा आत एक जुनं केशकर्तनालय आहे. भिंतीवर एकीकडे संत सेना महाराज, दुसरीकडे जिवा महाला. प्रतापगड याच जिल्ह्यातला, त्यामुळे जिवा महालाची १६५९ सालची गोष्ट इथे घरातल्या माणसाची म्हणून सांगतात. गिऱ्हाइकाला काका अर्धं ब्लेड घालायचा वस्तराच लावतात, प्रत्येकाला नवं ब्लेड, आणि ते बरोबरच आहे. पण खालच्या खणात त्यांच्या वडिलांची धोकटी निघाली. आत पथरी, चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा आणि अख्ख्या पोलादाचे तीन वस्तरे. एकावर सोलिंगेनचा शिक्का. मी अर्थातच धार निरखायला लागलो.

“धार समदीच बघत्यात, पावणं,” काका म्हणाले. “टोक बघा, टोक.”

पहिल्याचं टोक गोल. धार पुढे येते आणि कोपरा न करता वर वळून पाठीला मिळते, त्यामुळे टोचायला काही उरतच नाही. पोराचं जावळ काढायला त्यांचे वडील हाच घेत. तान्ह्या बाळाची टाळू, बाळ रडतंय, मान हलवतंय, मामाच्या मांडीवर ठरत नाहीये. तिथे कोपऱ्याचं पातं कोण नेईल! डोकं चकोट करायलाही हाच.

दुसऱ्याचं टोक चौकोनी. धार सरळ शेवटापर्यंत जाते आणि काटकोनात थांबते. हा मिशीचा वस्तरा! आमच्या साताऱ्या-सांगलीकडे मिशी ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. ओठावरची कड एका रेषेत हवी, दोन्ही कल्ले एका उंचीवर हवेत. ती रेषा ओढायला धारेचा शेवटचा कण कामाला यावा लागतो, आणि तो इथे मिळतो. काकांनी बिनसाबणाचं पातं नुसतं हवेत धरून नाकाखालची चाल दाखवली. अहाहा! मनगट जेमतेम हललं.

तिसरं फ्रेंच टोक. याची पाठ पुढे येता येता उतरते आणि खाली धारेला भेटते. कोपरा तसाच टोकदार राहतो, पण वरचं पोलाद कमी झाल्यामुळे कुठे टेकतोय ते डोळ्यांना दिसतं. दिसतं, हेच सगळं! चौकोनी पात्यात नेमकी तीच जागा पोलादाआड जाते. पातं जितकं रुंद तितकी जास्त. काका रुंदी सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सर्रास चालणारा वस्तरा पाच सुतांचा, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या आसपास. सात सुती चौकोनी पातं नाकाखाली फिरवायला हात कसलेलाच हवा.

मग घरी स्वतःची दाढी करणाऱ्याने कुठलं घ्यावं? माझं मत ठाम आहे: सुरुवात गोल टोकानेच. आरशात आपली नजर पात्याच्या मध्यावर असते आणि कोपरा तेवढ्यात हनुवटीच्या खळीत शिरतो. मिशी राखणाऱ्याने हात बसल्यावर फ्रेंच घ्यावं. चौकोनी हाती आलंच, तर त्याचा अगदी शेवटचा कण पथरीवर हलकेच मारून घ्यावा. रेषा तशीच येते, बोचणं जातं.

आणि आता मिरज! सांगलीला आल्यावर मी मिरजेतल्या एका धारवाल्याला गाठलं, कारण जुन्या वस्तऱ्याचं टोक बदलता येतं का हा किडा डोक्यात होता. येतं! चौकोनी पातं चाकावर कोपऱ्याकडून घासत गोल करतात. फक्त दर स्पर्शानंतर पाण्यात बुडवायचं, कारण पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग त्याला धार टिकत नाही. त्याने गोल केलेलं पातं चामड्यावर ओढलं, पाठ पुढे, धार मागे, आणि त्या पातळ, पोकळ घडणीच्या पात्यातून बारीक नाद आला. मिरजेत असा नाद! इथले सतारमेकर मुळात शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि पाजळणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्या हातांची सतार देशभर गेली. पोलादाची पारख असलेल्या हातांना तारेचा सूर सापडला, याचं मला त्या दुकानात उभं राहून मुळीच नवल वाटलं नाही.

चौथं टोक मात्र अजून हातात आलेलं नाही. त्याला पाठीच्या बाजूला, अगदी पुढे, एक छोटी अर्धगोल खाच असते. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत कुणाच्या आजोबांच्या धोकटीत असा वस्तरा असेल, तर गंज चढलेला असला तरी टाकू नका. मला कळवा, मी पुढच्या गाडीने येतो.