नाव ५०९०!

चिरंजीवांना होस्टेलवर न्यायला गेमिंग लॅपटॉप हवाय, तोही 'आरटीएक्स ५०९०'वाला. तेवढ्यात बाथरूमचं काम होईल, असं सौ.चं मत.

म्हटलं, आधी जरा वाचून बघू. तर नाव एक असलं तरी डेस्कटॉपचं आणि लॅपटॉपचं ५०९० ही सख्खी भावंडं नव्हेतच! डेस्कटॉपचं (जानेवारी २०२५मध्ये आलं) ५७५ वॉटपर्यंत वीज खातं, मेमरी ३२ जीबी. लॅपटॉपमधलं फार तर १७५ वॉटमध्ये भागवतं, मेमरी २४ जीबी, आणि आतली चिपही एक पायरी खालची. भागवणारच म्हणा, मांडीवर शेगडी कोण घेईल? शिवाय चिप बोर्डालाच सोल्डर केलेली. चार वर्षांनी नुसतं कार्ड बदलायची सोय नाही.

"मग डेस्कटॉप घे की!"
"बाबा, खोलीत तिघं. ठेवू कुठे?"

हे बिनतोड होतं. रात्री इथल्या मित्रांबरोबर खेळता यावं, एवढंच त्याला हवंय, हेही कळत होतं. पहिल्यांदाच घर सोडतोय.

शेवटी ५०६०वाला घ्यायचं ठरलं. दोन दिवस धुसफुस झाली. काल स्वतःच म्हणाला, "रॅम तरी वाढवता येईल असा बघू या."

बघतोय. कुणी वापरला असेल तर जरूर कळवा. पंख्याचा आवाज किती येतो तेही. तिघांची खोली आहे.