पद्मपाणी आणि आमचा स्वस्तातला फोन

अजिंठ्याच्या पायऱ्या पाहून आजी खालीच बसली. "पद्मपाणीचा फोटो तेवढा आण," म्हणाली. बाहेर उन्हात आमच्या स्वस्तातल्या फोनने वाघूर नदीचं वळण काय झकास टिपलं! पण पहिल्या लेण्यात उजेड अगदी मंद. चित्रं दीड हजार वर्षांची, म्हणून फ्लॅशला बंदी. फोनच्या खोक्यावर '५० मेगापिक्सेल' छापलंय खरं, पण आतला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. तो प्रकाश गोळा करणार तरी किती? पहिला फोटो हलला. दुसऱ्यात नुसते रंगीत ठिपके! मग बाबांच्या खांद्यावर हात टेकवला, श्वास रोखला आणि नाइट मोड लावला. कमळ उमटलं, मुकुटाची नक्षी मात्र पुसटच.

खाली येऊन आजीला दाखवला. तिने फोन अगदी डोळ्यांजवळ धरला.

"डोळे खाली झुकलेत की रे त्याचे!"