हेरेनहाउझेनची पानं

हॅनोव्हर शहरातल्या हेरेनहाउझेनचा पांढरा महाल २०१३ साली पुन्हा उभा राहिलेला आहे. मूळचा १९४३ च्या बॉम्बवर्षावात गेला. त्यात मी फार रेंगाळलो नाही. ओढ होती मागच्या बागेची.

सुमारे ५० हेक्टरांची बाग, तीन बाजूंनी कालवा. मधल्या वाटेवर उभं राहिलं की डाव्या हाताला जे, तेच उजव्या हाताला: तेच वाफे, त्याच उंचीला कातरलेली झुडपं. १६९६ पासून मार्टिन शार्बोनिए या फ्रेंच उद्यानकारानं ती वाढवली. जीव ओतला तो हॅनोव्हरच्या इलेक्टरची, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याची, पत्नी सोफी हिनं. झाडं इतकी आज्ञेत उभी पाहिली की एरवी माझं मन आक्रसतं. इथे तसं झालं नाही, ते लायब्निझमुळे.

हा तत्त्वज्ञ सोफीचा जिवलग स्नेही. जगात तंतोतंत सारख्या दोन वस्तू नसतात, हे त्याचं म्हणणं. एका बुद्धिमान गृहस्थाला ते पटेना. सोफीनं त्याला याच बागेत आव्हान दिलं, तशी दोन पानं शोधून दाखवण्याचं. तो खूप वेळ हिंडला, जोडी काही मिळाली नाही. लायब्निझनं पुढे एका पत्रात ही हकिकत लिहून ठेवली.

सारखेपणाचा एवढा हट्ट जिथे धरला, तिथेच हा शोध व्हावा! हॉर्नबीमच्या कुंपणाशी मी अगदी जवळ गेलो. लांबून भिंतीसारखं सपाट. जवळून एक पान दुमडलेलं, एक किडीनं जाळी केलेलं, एक कोवळं पोपटी. कात्री रेषा सरळ करते, पानाच्या शिरांपर्यंत तिचा हात पोचत नाही.

८ जून १७१४ रोजी सोफी इथेच फिरत होती. पावसाची सर आली, आडोशाकडे घाईनं निघताना ती कोसळली. वय ८३. सुमारे दोन महिन्यांनी ग्रेट ब्रिटनची राणी ॲन वारली आणि वारसदार म्हणून सोफीला मिळाला असता तो मुकुट तिच्या मुलाला, पहिल्या जॉर्जला मिळाला. दरबार लंडनला गेला. पुढे युरोपभर सरळ रेषांच्या बागा मोडून इंग्रजी वळणाच्या झाल्या; इथे बदल करायला मालकच राहत नव्हते, म्हणून सोफीच्या रेषा टिकल्या. ती जगली असती तर राणी होऊन तीही ही बाग सोडून गेली असती. ती इथेच राहिली, याचं मला फार समाधान वाटतं.