ॲरोहेडची खिडकी

गतवर्षीं चिरंजीवांकडे अमेरिकेस असतां मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील पिट्सफील्ड गांवीं कवि व कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल याचें घर पाहण्याचा योग आला. नांगरतांना तेथें मूळ रहिवाशांच्या बाणांचीं टोकें सांपडलीं, म्हणून त्यानें घरास ‘ॲरोहेड’ म्हणजे बाणाग्र असें नांव दिलें. १८५० सालीं ही शेतवाडी त्यानें कर्जानें घेतली. हल्लीं ती एका इतिहास-मंडळाकडे असून कोणासही पाहतां येते.

घर लांकडी, मधोमध प्रचंड धुरांडें. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या खिडकीपाशीं त्याची लिहिण्याची जागा आहे. समोर ग्रेलॉक पर्वत. हिंवाळ्यांत तो बर्फानें झांकला कीं, जणुं पाण्यावर आलेला देवमासाच! तरुणपणीं देवमाशांच्या शिकारी गलबतांवर खलाशी राहिलेल्या मेल्व्हिलनें समुद्रापासून इतक्या दूर बसून ‘मोबी डिक’ (१८५१) पुरी केली. शेजारीं लेनॉक्स येथें तेव्हां नाथानिएल हॉथॉर्न राहत असे. ग्रंथ त्यासच अर्पिला आहे.

वाचकांस नवल वाटेल, पण या ग्रंथांत आपली घारापुरी आहे. देवमाशाचें सर्वांत प्राचीन चित्र तेथील लेण्यांत असून तें विष्णूच्या मत्स्यावताराचें, असें त्यांत म्हटलें आहे. लेणें पडलें शैव. तेथें मत्स्यावतार कोठून येणार? एखाद्या विद्यार्थ्यानें असें लिहिलें असतें तर आम्हीं तांबडी रेघ ओढली असती. परंतु जलांत बुडालेले वेद विष्णूनें वर काढल्याची कथा त्यास ठाऊक होती, आणि देवमासे मारणाऱ्या खलाशांच्या कुलपरंपरेंत त्यानें प्रत्यक्ष विष्णूस मानानें बसविलें, हें आम्हांस फार आवडलें.

ग्रंथ मात्र फारसा खपला नाहीं. ग्रेलॉक पर्वतास अर्पिलेली ‘पिअर’ (१८५२) तर साफच पडली. अखेर १८६३ सालीं घर भावाकडे सोंपवून तो न्यूयॉर्कास परतला व १८६६ पासून एकोणीस वर्षें जकातखात्यांत रोज चार डॉलरांवर तपासनीस राहिला. गोदींतील फेऱ्या संपवून घरीं येऊन तो कविता लिही. पॅलेस्टाइनच्या यात्रेवरील ‘क्लॅरेल’ (१८७६) हें सुमारें १८,००० ओळींचें काव्य मामाच्या पैशानें छापलें गेलें. न खपलेल्या बहुतेक प्रती पुढें नष्ट करण्यांत आल्या.

१८९१ सालीं तो वारला तेव्हां ‘बिली बड’ या कथेचें हस्तलिखित अपुरेंच होतें. तें घरच्यांच्या कागदांत पडून राहिलें. पुढें नातीकडून एका अभ्यासकाच्या हातीं आलें आणि १९२४ सालीं लंडनांत छापलें गेलें.