विषयांतर

दिवाळीची सुट्टी मास्तरांनाही मिळते, असा एक गोड समज लोकांत आहे. सुट्टी मिळते ती विद्यार्थ्यांना. मास्तरांना मिळतो गठ्ठा! गेल्या दिवाळीत सोनाळ्याला निघालो, तेव्हा सौभाग्यवतींनी बांधून दिलेल्या अनारशांवर बासष्ट निबंधांचा असाच एक गठ्ठा बसला होता. घरी पोचेपर्यंत अनारशांचे जे व्हायचे ते झाले.

सोनाळा हे आमचे गाव. बुलढाणा जिल्ह्यात, अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी. दिवाळीच्या सुमारास तिथे शेते पांढरी होऊ लागतात. पहिल्या वेचणीला सीतादही होते, आणि मग घरादारात, पायांत, केसांत, चहाच्या कपातसुद्धा कापूस सापडतो.

निबंधाचा विषय मीच दिला होता: 'औद्योगिक राष्ट्रे'. मराठीच्या प्राध्यापकाला हे कुठून सुचले, असे वाचक विचारतील. वीस वर्षे 'पावसाळ्यातील एक दिवस' तपासून माझा पावसावरचाच विश्वास उडाला होता, एवढेच त्याचे उत्तर!

ओसरीवर बसून मी शेरे मारीत होतो. समोर बाबा कापसातली कवडी निवडीत होते. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण कागदाला ते फार मान देतात. थोड्या वेळाने म्हणाले, "काय लिवलं रे पोरायनं? वाच बरं एखांदा."

मी अर्थातच सर्वांत चांगला निबंध निवडला. दहापैकी आठ गुणांचा. जेम्स वॉटचे १७६९ मधले पेटंट, इंग्लंडातला दगडी कोळसा, मँचेस्टरच्या गिरण्या, मग जर्मनी, मग १८६८ नंतरचा जपान. सगळे कसे रुळावरून गाडी जावी तसे. वाचताना मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. जणू वाफेचे इंजिन मीच काढले होते.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकले. "चांगलं हाय," ते म्हणाले. "पन मले एक सांग, त्या मँचेस्टरात पऱ्हाटी व्हते काय?"

"नाही. तिथली हवा थंड."

"मंग गिरनी कायच्यावर चालली?"

"कोळशावर!" मी प्राध्यापकी ठामपणाने सांगितले.

बाबांनी हातातल्या कापसाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा कवडी निवडू लागले. बाबांच्या न बोलण्याला मी लहानपणापासून भितो.

तेव्हा मला दुसरा एक निबंध आठवला. तो आदल्या रात्रीच तपासून मी गठ्ठ्याच्या तळाशी घातला होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, आमच्याच वऱ्हाडातल्या एका मुलीचा. तिने वॉटला एका ओळीत उरकले होते आणि थेट घरातल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीवर आली होती. तिकडे अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. भाव असे चढले की तिच्या कुणा खापरपणजोबांनी नवी बंडी घेतली, बैलांच्या शिंगांना पितळी टोपणे बसवली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. बंडी गेली, बैल गेले. टोपणे तेवढी राहिली. पुढे कापूस नेण्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. घरातल्या बायांचे चरखे मात्र माळ्यावर गेले, कारण विलायती सूत स्वस्त पडू लागले. 'औद्योगिक राष्ट्राला दोन टोके असतात,' असे तिने लिहिले होते, 'आणि आमचे घर दुसऱ्या टोकाला होते.'

शुद्धलेखन यथातथाच होते. शिवाय अमेरिकेचे युद्ध खास वऱ्हाडसाठीच झाले, असे वाटावे अशी एकूण मांडणी होती! पण मी समासात तांबड्या शाईने जे लिहिले होते ते याबद्दल नव्हते. मी लिहिले होते, 'विषयांतर!' उद्गारचिन्हासकट.

हा निबंध मी वाचून दाखवला. शेरा वगळून. बाबांचे हात थांबले होते.

"पोरगी खरं लिवते," ते म्हणाले. "किती देल्ले?"

"चार."

"धापैकी?"

"हो."

"काऊन?"

"मुद्द्याला धरून नाही, म्हणून."

"मंग मुद्दा कोनता व्हता?"

या प्रश्नाला एम्. ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. मला आमची बंडी आठवली. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. माझ्या लहानपणी खरेदी केंद्रासमोर बंड्यांची ही रांग लागे. रात्री बंडीखाली बाबा आणि मी एका घोंगडीत निजत असू. मोजमाप होई, मग चुकाऱ्याची वाट पाहणे. माझ्या शिक्षणाची फी त्या चुकाऱ्यांतूनच भरली गेली. आणि मी त्या मुलीला विषयांतर शिकवीत होतो!

रात्री सगळे निजल्यावर मी तो शेरा खोडला. चाराचे आठ केले. पहिल्या मुलाचे आठ तसेच ठेवले. त्याने लिहिलेला कोळसा काही खोटा नव्हता. मग चूक भरून काढण्याच्या उत्साहात मुलीच्या निबंधाखाली अर्धे पान नवा अभिप्राय लिहिला. सुएझ कालवा, १८७७ सालची जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल, खामगावचा रेल्वे फाटा: जे जे ठाऊक होते ते सारे ओतले. आता कळते, त्यातले निम्मे तिला सांगण्यासाठी नव्हतेच.

सुट्टी संपल्यावर निबंध परत दिले. तास संपला तरी ती दारापाशी उभी राहून वाचीतच होती. मग माझ्याकडे आली. माझी अपेक्षा 'थँक यू, सर' एवढीच होती.

"सर, हे खोडलेलं आहे ना, ते वाचता येतंय."

"हो," मी म्हटले. "ते चुकून लिहिलं होतं."

तिने मान हलवली, पण गेली नाही. "आणि सर, खामगावचा फाटा तुम्ही १८७१ लिहिलाय. तो १८७० चा आहे. उद्घाटनाला लॉर्ड मेयो आले होते."

मी खिशातून तांबडे पेन काढले. तिने कागद टेबलावर सरळ करून धरला. मी एकाचे शून्य केले आणि, नियमाप्रमाणे, शेजारी सही केली.