प्रश्नानंतरची जागा

सोलापुरात माहितीपटाला विषय शोधायला निघालेली मुलं आधी दोन ठिकाणी धावतात. नान्नजला माळढोकासाठी, नाहीतर संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांसाठी. दोन्ही विषय देखणे आहेत, त्यांचा मोह मला कळतो. पण माळढोक दुर्मीळ झालाय, आणि गड्ड्यावर ड्रोन उडवला की नुसती डोकी दिसतात, चेहरे नाहीत. मी त्यांचं सगळं ऐकून घेते आणि मग विचारते, "तुझ्या घरी कोण काय करतं?" उत्तर येतं, "वडील यंत्रमागावर. आई घरीच असते." ती घरीच असते आणि मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा करते, हे पुढचं वाक्य यायला फार वेळ लागतो. त्या वाक्याची वाट बघणं हेच माझ्या मते आम्हा शिकवणाऱ्यांचं मुख्य काम. कॅमेरा नंतर.

आमचं केगावचं विद्यापीठ २००४ साली या एकाच जिल्ह्यासाठी उभं राहिलं, त्यामुळे मास कॉमच्या वर्गात जिल्हाच येऊन बसतो. कुणी करमाळ्याचा, कुणी सांगोल्याची, कुणी अक्कलकोटकडचं कन्नड मनात घोळवत मराठी बोलणारं, तर कुणी शहराच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू बोलणारं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक मुलगा असाच अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकायला गेला आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे हे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. पुरस्काराइतकंच मला त्या 'अभ्यासक्रमाचा भाग' या शब्दांचं अप्रूप वाटतं. कुणीतरी त्याला आपल्या मातीतलं काही सांगायला वर्गात जागा दिली होती.

माहितीपटाचा इतिहास शिकवताना मी परदेशातून सुरुवात करत नाही. आपल्या सावेदादांपासून करते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत. समोर घडतंय ते जपण्याची ओढ आपल्याकडे इतकी जुनी आहे. मुलांना हे ऐकून धीर येतो.

मग प्रत्यक्ष चित्रीकरण. पूर्व भागातल्या एका विद्यार्थिनीने आईवर माहितीपट करायचं ठरवलं, तेव्हा मी सोबत गेले. एका खोलीचं घर. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपानांचा गठ्ठा, कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा, सुपात तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. "बसा की मॅडम," म्हणत त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. मुलीने कॅमेरा तिवईवर लावला, आईच्या पदराला माईक अडकवला आणि लिहून आणलेले प्रश्न मराठीत विचारायला सुरुवात केली. उत्तरंही तशीच आली, शाळेत दिल्यासारखी. मजुरी किती, कारखाना कुठला, किती वर्षं. सगळं खरं, पण त्यात त्या बाई नव्हत्याच.

मी मुलीला हळूच म्हटलं, "घरी बोलतेस तसं बोल की." ती बावरली. "पण मॅडम, तुम्हाला तेलुगू कळणार नाही." मला कळण्याची काही गरज नव्हती. तिने कागद मिटला, "अम्मा" म्हणून काहीतरी छोटंसं विचारलं, आणि त्या बाईंचा आवाजच बदलला. हात थांबले नाहीत. कात्री चालत राहिली, पान वळत राहिलं, दोरा आवळत राहिला, आणि बोलणं त्या हातांच्या लयीत मिसळून गेलं. मला एक शब्द समजत नव्हता, तरी मी मुलीच्या चेहऱ्यावर सगळं वाचत होते. आईने सांगितलेलं तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

मुलाखत संपली की आम्ही खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करतो. संकलनात दोन वाक्यांच्या मधली फट भरायला ती लागते. सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. सोलापुरात शांतता म्हणजे पंख्याची घरघर आणि शेजारच्या गल्लीतले माग. मुलांना हे मिनिट जड जातं. पण माणूस पुष्कळदा याच मिनिटात खरं बोलतो, कारण आता कुणी काही विचारत नसतं. त्या दिवशीही बाई मध्येच बोलल्या. मुलगी घाईने थांबवायला निघाली, मी तिच्या दंडावर हात ठेवला. नंतर तिने मला मराठीत सांगितलं: विडीचं काम मुलीला शिकवायचं नाही, हे आईने तिच्या जन्माच्या वेळीच ठरवलं होतं. म्हणूनच सूप कधी तिच्या मांडीवर आलं नाही. इतकी वर्षं मुलीला वाटत होतं, आपल्याला ते जमत नाही म्हणून आई देत नाही.

संकलनात आईच्या या बोलण्यावरून आमची पुष्कळ चर्चा झाली. मुलीला त्याखाली संगीत हवं होतं. मी नको म्हटलं नाही; संगीत लावून ऐक, मग काढून ऐक, एवढंच सुचवलं. तिने ते स्वतःच काढलं.

एक काळजी मात्र मला सारखी असते. माहितीपट पूर्ण होतो, गुण मिळतात, आणि पुढच्या तुकडीला जागा हवी म्हणून हार्ड डिस्क पुसली जाते. वीस मिनिटं उरतात, मूळ मुलाखतीचे तास जातात. या शहराने हे नुकसान एकदा सोसलंय. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरण्यांच्या भोंग्यांवर शहर उठत होतं, जेवत होतं. त्या पाळ्यांतल्या किती जणांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं असेल? म्हणून आता मी मुलांना शेवटचं काम देते: प्रत्येक मुलाखत अखंड ठेवायची, सोबत तारीख, पेठ, भाषा आणि बोलणाऱ्याची परवानगी. तेलुगू, कन्नड, दखनी, जशी असेल तशी, उपशीर्षकांसह.

त्या बाईंनी लेकीचा माहितीपट लॅपटॉपवर शेजारणींना जमवून पाहिला. संपल्यावर एकीने विचारलं, "आमच्याकडं कधी येणार?" मुलीने वही काढून तिचं नाव लिहून घेतलं. मग दुसरीने आपलं नाव सांगितलं, आणि दाराशी उभी असलेली तिसरी आत आली.