उजव्या बाजूचा आकडा

मी मेनू उजवीकडून वाचते. आधी आकडे, मग पदार्थ. सवय लहानपणची आहे. साताऱ्यात महिन्यातून एकदा आम्ही हॉटेलात जायचो. मेनू बाबांच्या हातात असायचा, आई "मला काहीही चालेल" म्हणायची, आणि मी बाबांच्या खांद्यावरून आकडे बघून साधा डोसा सांगायचे.

फ्रान्सची तिकिटं आम्ही जानेवारीतच काढली होती. जूनमध्ये नवऱ्याच्या कंपनीत ले-ऑफ झाला आणि यादीत त्याचं नाव निघालं. "ट्रिप रद्द करू या," तो म्हणाला. मी म्हटलं, "आता काही परत मिळणार नाही." म्हणून सप्टेंबरात, लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही ल्योंमध्ये, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथसमोर बसलो होतो. बुकिंग माझ्या नावावर होतं, पैसे माझ्या पगारातले.

वेटरने दोघांना मेनू दिले. माझ्या मेनूत आकडेच नव्हते. कुणीतरी एक कॉलम हाइड करून ठेवावा तसं. मी त्याच्या मेनूत डोकावले. तिथे होते.

ही जुनी पद्धत आहे, हे मला नंतर हॉटेलच्या खोलीत फोनवर वाचून कळलं. काही महागड्या रेस्टॉरंटांत किमतींचा मेनू यजमानाला आणि बिनकिमतीचा पाहुण्यांना मिळायचा. यजमान म्हणजे पुरुष, हे धरूनच चाललेलं. आता बहुतेक ठिकाणी हे बंद झालंय. पेरूमध्ये, लिमातल्या एका रेस्टॉरंटला बायकांना असा मेनू दिल्याबद्दल २०१९ मध्ये २,१०,००० सोल दंड झाला.

त्या क्षणी मात्र मी नुसतं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्याही लक्षात आलं होतं. मेनू बदलून घ्यायला दोन सेकंद लागले असते. त्याने बदलला नाही. "सांग, काय खाणार?" तो म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो खुर्चीत ताठ बसला होता. मीही मागितला नाही.

मग मी पहिल्यांदाच डावीकडून मेनू वाचला. क्नेल मागवलं, ल्योंची खासियत. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा, अंडं आणि लोणी घालून केलेला लांबट गोळा, वर क्रेफिशचा सॉस. इतकं हलकं की तोंडात विरघळून गेल्यावर कळतं, अरे, हा मासा होता! राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मजा आली, आणि मजा येतेय याची थोडी लाजही वाटली.

तो म्हणाला, "मला फारशी भूक नाही, सूप घेतो." आणि बाटलीऐवजी नळाच्या पाण्याचा जग मागवला. तो फ्रान्समध्ये फुकट मिळतो, हे त्याने आधीच शोधून ठेवलं होतं. मेनू बाबांसारखा हातात, पण वाक्य आईचं.

बिलाचं मशीन वेटरने त्याच्यासमोर धरलं. त्याने ते माझ्याकडे सरकवलं. "पिन हिचा आहे." वेटर गडबडला, सॉरी म्हणाला. मी चार आकडे दाबले.

परत येताना सोन नदीच्या काठाने चालत होतो. मी विचारलं, "क्नेल कितीचं होतं?"

"अडतीस युरो."

"आणि तुझं सूप?"

"चौदा."

मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसले.

"तुला आकडे दिसले असते तर काय मागवलं असतंस?" त्याने विचारलं.

"सूप."

"म्हणूनच नाही बदलला मेनू."

यावर चिडावं की त्याचा हात धरावा, मला ठरवता येईना. शेवटी हात धरला.

डिसेंबरात त्याला नोकरी लागली. तिकिटं रद्द केली असती तर जवळजवळ निम्मे पैसे परत मिळत होते. तो आकडा मी त्याला अजून दाखवलेला नाही.